विणकाम आणि वाचनासाठी भरपूर उजेडाचा, न तापणारा दिवा: ग्वाल्हेरकरांचे नेहमीचे प्रश्न

दसरा झाला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराघरांत लोकरीचे गोळे बाहेर निघतात, त्याच सुमारास पुण्या-मुंबईहून दिवाळी अंक येऊन पडतात, आणि मग मला तेच प्रश्न सुरू होतात, की ताई कुठला दिवा घेऊ, किती वॅटचा, पांढरा का पिवळा. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवावं. मी विणते, भरपूर वाचते आणि हा विषय मला मनापासून आवडतो, म्हणून काही उत्तरं लांबलीत. हवं तेवढं वाचा.

घरात चांगली एलईडी ट्यूब आहे की, मग वेगळा दिवा कशाला?

ट्यूब खोलीसाठी असते, तुमच्या मांडीवरच्या विणकामासाठी नाही. २० वॅटची एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेन उजेड देते पण तो सगळ्या खोलीभर पसरतो, आणि आपल्या जुन्या वाड्यांमधली छतं किती उंच आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. मांडीपर्यंत येता येता शंभर लक्सच्या आसपास उरतो (लक्स म्हणजे एखाद्या जागी प्रत्यक्ष पडणारा उजेड मोजायचं माप), कधी त्याहून कमी, त्यात वर स्वतःच्या डोक्याची सावली नेमकी सुयांवर पडते. आरामात वाचायला ३०० ते ५०० लक्स लागतात, आणि गडद लोकर किंवा बारीक सुया असतील तर ८०० ते १००० असले तर डोळे थकत नाहीत. थंडीत गच्चीवर बसून विणताना एवढं सोपं का वाटतं, तर तिथे सावलीतसुद्धा दहा-दहा हजार लक्स असतात आणि भर उन्हात लाखाच्या घरात जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिवा चार फुटांवरून दोन फुटांवर आणलात तर उजेड दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून मी आधी सगळ्यांना हेच सांगते की मोठा दिवा घेण्याआधी आहे तो जवळ आणून बघा. निम्म्या लोकांचं काम तेवढ्यात होतं.

पण ट्यूब बंद करू नका हं. अंधाऱ्या खोलीत फक्त मांडीवर झगझगीत उजेड असला की नजर वर केली की काळोख, खाली केली की झगमग, त्याने डोळे लवकर शिणतात.

आई म्हणते अंधार आहे, मला तर सगळं स्वच्छ दिसतंय. तिचा हट्ट आहे का?

अजिबात नाही, तिचं बरोबर आहे. वय वाढतं तशी बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, आणि साठीच्या माणसाच्या डोळ्यात आतल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणजे तुम्हाला जो उजेड भरपूर वाटतो तो तिला खरंच अपुरा पडतो. कृपा करून "एवढा तर लाइट आहे" असं म्हणू नका, तिच्या खुर्चीशेजारी एक दिवा ठेवा, बघा ती पुन्हा विणायला घेते की नाही.

मात्र दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, किंवा नेहमीचा दिवा अचानक कमी पडायला लागला, रेघा वाकड्या दिसायला लागल्या, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, दिवा नंतर. मोतीबिंदू असेल तर उजेड जास्त लागतो आणि डोळ्यावर आलेली तिरीप सहनही होत नाही, तिथे नुसता मोठा बल्ब लावून त्रास वाढतो.

कमी उजेडात वाचून डोळे खराब होतात हे खरं का?

मोठ्या माणसाचे डोळे त्याने कायमचे बिघडत नाहीत, पण थकतात, चुरचुरतात, डोकं दुखतं, आणि मुख्य म्हणजे माणूस वाचणंच सोडतो. मला याचं जास्त वाईट वाटतं.

किती वॅटचा घ्यायचा?

वॅट बघू नका, खोक्यावर ल्युमेन बघा. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो, ल्युमेन म्हणजे उजेड किती देतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ल्युमेन द्यायचा, तेवढं आज ७ ते ९ वॅटच्या एलईडीत होतं. खुर्चीशेजारी उभ्या दिव्याला ७०० ते ९०० ल्युमेनचा बल्ब पुरतो, आणि मान वाकवता येणारा छोटा टेबल लॅम्प असेल, जो हातापासून दीड फुटावर आणता येतो, तर ४०० ल्युमेनसुद्धा चालतात. सरकारच्या उजाला योजनेत जे ९ वॅटचे एलईडी बल्ब वाटले गेले त्यातला एखादा कपाटात पडून असेल तर आधी तोच लावून बघा.

एलईडी खरंच तापत नाही का?

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. जुना तारेचा बल्ब जेवढी वीज घेतो त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त उष्णतेत जाते, आणि ती उष्णता उजेडाबरोबरच पुढे येते, म्हणून त्याच्याजवळ बसलं की गाल आणि हात शेकतात. मे महिन्यात जेव्हा आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो तेव्हा असा दिवा डोक्याशी घेऊन कोण बसणार? हॅलोजन तर त्याहून वाईट, चुकून हात लागला तर भाजतोच. एलईडीच्या उजेडात ही उष्णता जवळपास नसते. पण एलईडी गार असतो तो पुढून. मागे त्याची चिप आणि सर्किट तापतात, ती उष्णता ॲल्युमिनियमच्या पाठीतून बाहेर जाते. त्यामुळे दिव्याच्या पाठीला हात लावलात आणि गरम लागला तर घाबरू नका, पण त्यावर रुमाल टाकू नका, आणि चारी बाजूंनी बंद काचेच्या हंडीत साधा एलईडी घालू नका, आत गरमी कोंडते आणि बल्ब लवकर जातो.

विणणाऱ्यांसाठी आणखी एक. बाजारात आपण ज्याला लोकर म्हणतो ती बहुतेक ॲक्रिलिक असते, आणि ॲक्रिलिक उष्णतेने वितळतं, पेटतं पण. खरी लोकर सहज पेट घेत नाही. घरात अजून हॅलोजन किंवा जुना बल्ब असलेला लॅम्प असेल तर विणकामाची टोपली त्याच्या खाली ठेवायचीच नाही.

आजोबांचा जुना पितळी लॅम्प आहे, त्यात एलईडी बसेल का?

बसेल, आणि छान दिसेल. होल्डर बघून घ्या, आपल्याकडे बहुतेक पिनवाला म्हणजे बी २२ असतो, चुडीवाला असेल तर ई २७ मागा. शेडवर "जास्तीत जास्त ४० वॅट" असं लिहिलेलं असतं ते उष्णतेसाठी, ९ वॅटच्या एलईडीला त्याची अडचण नाही. एलईडी बल्ब कधी कधी लांबीला जास्त असतो आणि शेडच्या खालून डोकावतो, तेवढं बघा. वायर जुनी कापडाच्या वेष्टनाची असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या, पितळी लॅम्पच्या बाबतीत यात चालढकल नको.

पांढरा का पिवळा?

खोक्यावर ६५०० के लिहिलं असेल तर निळसर पांढरा, ४००० के म्हणजे साधा पांढरा, २७०० ते ३००० के म्हणजे पिवळा. ६५००च्या खोक्यावर "कूल डेलाइट" छापलेलं असतं, ते रंगाबद्दल आहे, दिवा कमी तापतो असा त्याचा अर्थ नाही, पिवळा एलईडीसुद्धा तेवढाच गार असतो.

माझं मत विचाराल तर विणकामाला ४०००. अक्षरं आणि टाके दोन्ही स्पष्ट दिसतात आणि दवाखान्यात बसल्यासारखं वाटत नाही. झोपायच्या आधी पलंगावर वाचत असाल तर पिवळाच घ्या, कारण ६५००मध्ये निळा भाग जास्त असतो आणि रात्री तो डोळ्यात गेला की झोप लांबते. पिवळ्याचा आणखी फायदा म्हणजे पाऊस संपता संपता ते बारीक हिरवे किडे येतात ना, ते पांढऱ्यावर जास्त झेपावतात, पिवळ्यावर कमी.

दिव्याखाली एक रंग दिसतो आणि सकाळी उन्हात वेगळाच, असं का होतं?

हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. रात्री मरून समजून जोडलेली लोकर सकाळी कॉफी कलरची निघते, नेव्ही ब्लू आणि काळा तर हमखास गोंधळतात, आणि बाह्या अर्ध्या विणून झालेल्या असतात. दोष डोळ्यांचा नाही, दिव्याचा आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, निळ्या चिपवर पिवळट फॉस्फरचा लेप देऊन तो पांढरा दिसेल असा करतात (हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं). स्वस्त दिव्यात निळं आणि पिवळं भरपूर असतं पण गडद लाल कमी पडतो, आणि जो रंग उजेडातच नाही तो लोकरीवर दिसणार कुठून? मग मरून, कुंकवाचा लाल, डाळिंबी, वांगी, सगळे मळकट तपकिरी दिसतात.

यासाठी खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा बघायचा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे गुण, तो शंभरपैकी असतो. साध्या बल्बला ८० असतो, त्यात वाचन होतं, एकरंगी स्वेटर होतो. पण दोन-तीन रंगांचं डिझाइन करत असाल तर ९० किंवा त्याहून जास्तीचा शोधा, थोडा महाग पडतो पण वसूल होतो. दुकानात जाताना मरून आणि कॉफी, काळा आणि नेव्ही असे वीत-वीत धागे सोबत न्या, दिव्याखाली शेजारी शेजारी धरा, दोन्ही वेगळे ओळखू आले तर दिवा चांगला. आणि तरीही, नवा गोळा जोडण्याआधी लेबलवरचा लॉट नंबर जुळतोय ना ते बघा आणि एकदा दिवसाच्या उजेडात दोन्ही ताडून घ्या, कुठल्याच दिव्याला ती सर नाही.

दिवा लावला की थोड्या वेळाने डोकं चढतं. उजेड तर भरपूर आहे.

दिवा थरथरत असेल. आपल्या विजेमुळे स्वस्त सर्किटवाला एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही पण काहींना त्याचा त्रास होतो, विशेषतः ज्यांना अर्धशिशी आहे त्यांना.

तपासायची सोपी युक्ती विणणाऱ्यांच्या हातातच असते. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, फक्त तो एक चालू ठेवा, मागे गडद कापड धरा आणि ॲल्युमिनियमची एक सुई त्याच्या उजेडात पटापट डावी-उजवीकडे हलवा. चांगल्या दिव्यात सुईचा एकसलग धूसर पट्टा दिसतो. थरथरणाऱ्या दिव्यात सुट्या सुट्या पाच-सहा सुया दिसतात, जणू पंखाच उघडलाय. तसा दिसला तर तो दिवा परत ठेवा, किती का सुंदर असेना. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिव्याकडे बघितलं तर काळे पट्टे सरकताना दिसतात तेही तेच, पण कॅमेरे वेगवेगळे असतात, माझा भरवसा सुईवर.

मंद-तेज करता येणाऱ्या दिव्यात हे मंद करूनही तपासा, कारण पूर्ण तेजावर ठीक असलेले बरेच दिवे मंद केल्यावर थरथरतात.

दिवा नेमका ठेवायचा कुठे?

खांद्याच्या मागून, थोडा बाजूने आणि वरून, असा की उजेड हातावर पडेल आणि बल्ब तुमच्या डोळ्याला दिसणार नाही. खुर्चीत बसल्यावर शेडची खालची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा जरा खाली यायला हवी, बल्ब उघडा दिसत असेल तर कितीही चांगला दिवा त्रासच देणार. उजव्या हाताने लिहिणाऱ्या किंवा धागा टाकणाऱ्यांनी डाव्या बाजूला ठेवावा, म्हणजे चालत्या हाताची सावली कामावर पडत नाही, डावखुऱ्यांनी उलट.

वाचताना चकचकीत कागदाची पानं चमकतात, दिवाळी अंकातली रंगीत पानं तर आरशासारखी होतात, तेव्हा दिवा समोर असेल तर बाजूला घ्या, चमक लगेच जाते. हेच सुयांचं. ॲल्युमिनियम किंवा स्टीलच्या सुया दिव्याखाली लकाकतात आणि टाका शोधावा लागतो, बांबूच्या सुया घेतल्या तर ते होत नाही.

आजोबा खाली बसून चौरंगावर पोथी ठेवून वाचत असतील तर त्यांना उभा दिवा उपयोगाचा नाही, तो फार उंच पडतो. चौरंगाच्या कडेला चिमटा लावून बसवता येणारा, लांब वाकडी मान असलेला दिवा घ्या, वायर मात्र भिंतीकडून न्या, उठताना पायात अडकायला नको.

काळ्या लोकरीचं काय? दिवा कितीही मोठा लावला तरी टाके दिसत नाहीत.

काळी लोकर उजेड पिऊन टाकते, त्यामुळे नुसता उजेड वाढवून फारसं साधत नाही. दोन गोष्टी करा. एक म्हणजे मांडीवर पांढरा टॉवेल पसरा. खालून पांढरं चमकतं आणि विणलेल्या भागाच्या भोकाभोकांतून ते दिसतं, मग प्रत्येक टाक्याची कड उठून येते. दुसरं म्हणजे दिवा वरून न धरता अगदी बाजूने, कापडाला जवळजवळ घासून जाईल असा धरा. वरून पडणाऱ्या उजेडात सगळं सपाट काळं दिसतं, बाजूने पडला की सुलट टाक्याच्या त्या इवल्या व्ही आकाराच्या एका पायावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली येते, उलट टाक्याचे गाठीसारखे उंचवटे वेगळे दिसतात, आणि कुठे टाका सुटून खाली शिडी झाली असेल तर ती स्पष्ट काळी पट्टी म्हणून नजरेत भरते. क्रोशाच्या सुईने तो टाका वर उचलायला मग दोन मिनिटं लागतात. वेणीसारखी नक्षी विणताना, म्हणजे केबल डिझाइनला पण हाच बाजूचा उजेड उपयोगी.

भिंग असलेला दिवा घ्यावा का?

भरतकाम, क्रोशाची बारीक लेस, डिक्शनरी, यासाठी घ्या. ३ डायॉप्टरचं भिंग पावणेदोन पट मोठं दाखवतं, तेवढं पुरतं. त्याहून जास्त घेतलं तर दिसणारा भाग लहान होतो, अंतर नेमकं तेच ठेवावं लागतं, विणताना हात हलतात त्यामुळे वैताग येतो.

एक धोका मात्र मनावर घ्या. थंडीत आपण मुद्दाम उन्हाच्या खिडकीत बसतो. भिंगाचा दिवा तिथे उघडा राहिला आणि ऊन त्यातून पडलं तर खालचं कापड किंवा कागद खरंच पेटू शकतो. काम झालं की भिंगावर झाकण, झाकण नसेल तर जाड कापड, आणि दिवा खिडकीपासून लांब.

लाइट गेली तर?

इन्व्हर्टर असेल तर ९ वॅटचा त्याच्यावर काही भारच नाही. नसेल तर यूएसबीवर चालणारा ५ वॅटचा दिवा घ्या, १०,००० एमएएचची पॉवर बँक त्याला पाच-सहा तास ओढते. गळ्यात अडकवायचे दिवे पण मिळतात, दोन टोकांना दोन छोटे लाइट, पलंगावर शेजारचा झोपलेला असताना वाचायला उत्तम, विणायला मात्र उजेड थोडा कमी पडतो.

व्होल्टेज खालीवर होणाऱ्या भागात राहत असाल तर खोक्यावर १०० ते ३०० व्होल्टसारखी मोठी रेंज लिहिलेला बल्ब घ्या.

बिल किती वाढेल?

रोज चार तास ९ वॅटचा लावला तर महिन्याला साधारण एक युनिट. जुन्या ६० वॅटच्या बल्बला सात युनिट लागायचे.

घ्यायचा कुठून?

शक्यतो दुकानात जाऊन, लावून बघून. महाराज बाड्यावरच्या बाजारात जाल तेव्हा धागे, एक सुई आणि बारीक टाइपाचं एखादं पान पिशवीत टाकून न्या आणि दुकानदाराला सरळ सांगा, भैया लावून दाखवा. थंडीत मेळा लागतोच, १९०५ पासून चालत आलेला आपला ग्वाल्हेरचा व्यापार मेळा, तिथे एका चकरीत बरेच दिवे बघून होतात, फक्त तिथल्या झगमगाटात कुठलाही दिवा फिका किंवा भारी वाटू शकतो, म्हणून हाताच्या ओंजळीत आडोसा करून धागे बघा.

बल्बच्या खोक्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि "आर"ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा, वॉरंटी बिलासकट घ्या. लॅम्पची मान पूर्ण पुढे वाकवून थोडा वेळ सोडून द्या, हळूहळू खाली यायला लागली किंवा बूड उचललं गेलं तर घेऊ नका. ज्यांच्या बोटांना संधिवात आहे त्यांनी बटण स्वतः दाबून बघावं, वायरवरचं बारीक बटण त्यांना जमत नाही, बुडावरचं टच बटण बरं. ऑनलाइन घेणार असाल तर परत करता येतो ना ते बघूनच, आणि आल्या दिवशी रात्री सुईची आणि धाग्यांची तपासणी करून टाका.

एवढा चांगला दिवा घेतला, पण वर्षभरात उजेड कमी झाल्यासारखा वाटतो.

आधी पुसा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ किती उडते, त्यात लोकरीचे बारीक तंतू उडून शेडच्या आत आणि बल्बवर चिकटतात, त्यावर धूळ बसते आणि बराच उजेड तिथेच अडतो. प्लग काढा, दिवा गार होऊ द्या, कोरड्या मऊ कापडाने बल्ब, शेडची आतली बाजू आणि मागच्या ॲल्युमिनियमच्या खाचा पुसून घ्या, खाचांसाठी जुना दात घासायचा ब्रश चालतो. ओलं कापड नको. पुसूनही मंदच वाटला आणि वॉरंटी असेल तर बिल घेऊन दुकानात जा आणि बदलून मागा.